चाळीस मिनिटांनी मिळणारा मोबाईल

"रडून घर डोक्यावर घेतो, ऐकतच नाही." फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा तरी कानावर पडतं. त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सहा वर्षांचा. आई शाळेत शिकवते, बाबा कुंडईच्या कारखान्यात पाळीवर, दुपारभर घरी आजी. मोबाईलसाठी तो जमिनीवर लोळण घेई. आई कळवळून म्हणाली, "मॅडम, दहातल्या आठ वेळा आम्ही नाहीच म्हणतो. तरी असं का?"

मी एवढंच सांगितलं, की वहीत लिहा: किती वेळ रडला, शेवटी काय झालं. पंधरा दिवसांनी वही उघडली. आधी दहा मिनिटांनी मोबाईल मिळाला होता, मग वीस, एकदा चाळीस. मधल्या कित्येक दिवशी मिळालाच नव्हता.

बाबा सुटीला खांडेपार नदीवर गरवायला जातात. त्यांना विचारलं, "काल मासळी लागली नाही, म्हणून आज गरी टाकायची सोडता?"

"छे! कधीतरी लागतेच की."

बोलता बोलता ते थांबले. वही जवळ ओढली. "म्हणजे तो आमच्याकडे गरी टाकून बसतो."

इतक्या वर्षांत हे मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरला हेच उंदरांत दिसलं होतं. कळ दाबली की खाऊ मिळतो, अशा प्रयोगातल्या उंदरांसाठी तो खाऊच्या गोळ्या स्वतः बनवत असे. 1930 च्या दशकात एका शनिवारी त्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत असं दिसल्यावर, दर वेळी कळ दाबली की गोळी देण्याऐवजी त्यानं मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे गोळ्या पूर्ण बंद केल्या, तेव्हा अधूनमधून मिळायची सवय असलेले उंदीर जास्त काळ टिकून राहिले. वागणं त्याच्या परिणामांतून घडतं असं मानणारा स्किनरचा हा विचार, म्हणजे वर्तनवाद, माणसाला यंत्र समजतो असं म्हणतात; मला तर त्यानं मुलांवरचा 'हट्टी' हा शिक्का पुसायला शिकवलं. हे मूल हट्टी नव्हतं, चिकाटी शिकलं होतं, आणि ती आपणच शिकवली होती.

म्हणून पालकांना सांगते: द्यायचा असेल तर रडण्याआधी, ठरल्या वेळी द्या. नाही म्हटलंत तर घरातल्या सगळ्यांचं नाही एकच असू द्या. आणि सुरुवातीला रडणं वाढेल, तेव्हा घाबरू नका. नेहमीची कळ चालेनाशी झाली की कुणीही ती आधी जोरानं दाबून बघतो. नेमक्या त्याच दिवशी हार मानलीत, तर पाऊण तासाचं रडणं पक्कं होतं. मूल शांतपणे बोललं, की तिथल्या तिथे जवळ घ्या. हे सगळेच विसरतात.

चौथ्या रात्री आईचा फोन. "आज ताट भिरकावलं."

"आजी?"

"तुळशीपाशी जाऊन बसल्या. रडत होत्या, पण दिला नाही."

तिसऱ्या आठवड्यात आजी स्वतः आल्या. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "बाय, काल त्यानं एकदाच विचारलं. मी म्हटलं, दिवे लागल्यावर. तर गेला बघ अंगणात खेळायला."