एक्स-रे नॉर्मल आहे, पण आई पाय टेकवत नाहीत

ताई, तुमच्या आई 79 वर्षांच्या. चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये उजव्या कुशीवर पडल्या, एक्स-रे नॉर्मल आला, “मुका मार आहे, चालवा” असं सांगितलं गेलं, पण पाऊल टेकवलं की त्या कळवळतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी एकच ऐका : आज त्यांना चालवू नका. 26 वर्षं फिजिओथेरपी करतेय, आणि अशा वेळी मी एक्स-रेपेक्षा त्या कळवळण्यावर जास्त विश्वास ठेवते.

कुशीवर पडलं की मार खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बसतो आणि मांडीच्या हाडाचा बॉल हातोडीसारखा खुब्याच्या वाटीत, म्हणजे तो ज्या खळग्यात बसतो त्यात, आत ठोकला जातो. ठिसूळ हाडात वाटीचा पुढचा भाग किंवा आतली पातळ भिंत तडकते. तुकडे जागच्या जागी राहिले तर पाय आखूड होत नाही, बाहेरही वळत नाही. समोरून काढलेल्या फोटोत वाटीचे पुढचे-मागचे काठ आणि बॉल एकमेकांवर येतात, वर आतड्यातल्या वायूची सावली. बारीक भेग त्यात हरवते. 45 अंशांत कलवून तिरके फोटो काढता येतात, पण दुखऱ्या म्हाताऱ्या माणसाला कलवणं म्हणजे हालच.

मागे एका आजींना असाच ‘नॉर्मल’ एक्स-रे बघून मी वॉकर दिला होता. त्या उभ्या राहिल्या, पण दुखऱ्या पायाची टाच काही खाली येईना, नुसता चवडा टेकलेला. वरच्या ओठावर घाम. मी म्हटलं, “आजी, भीती सोडा.” आठवड्याने सीटी स्कॅन झाला, तर वाटी फुटून बॉल आत सरकलेला. ते वाक्य मला अजून बोचतं.

दुखणं जांघेत आहे का, ते बघा. कधीकधी खुब्याची कळ नुसती गुडघ्यात जाणवते आणि सगळे गुडघाच तपासत बसतात. झोपल्या जागी सरळ पाय उचलता येत नाही, कुशीवर वळताना जीव जातो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि स्पष्ट विचारा : “एमआरआय करायचा का? खुब्यासोबत पूर्ण पेल्विस (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) आणि माकडहाडाच्या वरचं हाडही त्यात येईल ना?” कारण या भेगा बऱ्याचदा जोडीने असतात. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूजही दिसते. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे : एक्स-रे साफ पण शंका कायम, तर एमआरआय, 24 तासांत तो होणार नसेल किंवा चालणार नसेल, तर सीटी. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

तोवर बेडपॅन वापरा, कूस बदलताना दोघींनी धरा, घोटे हलवायला लावा. तेल लावून चोळणाऱ्या बाईंना कृपा करून बोलावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि चेहरा पांढरा पडला, चक्कर आली, लघवी कमी झाली, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. ओटीपोटात आतल्या आत रक्त साचू शकतं.

भेग निघाली म्हणजे ऑपरेशनच, असं नाही. हाड सरकलं नसेल तर बऱ्याचदा वॉकरवर थोडा थोडा भार देत जुळतं, फक्त मध्ये पुन्हा फोटो काढून ते जागेवर आहे ना हे पाहावं लागतं. ठिसूळपणाचे उपचार मात्र त्याच भेटीत विचारा. आणि जाताना आईंची गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी सोबत न्या.