पाट का तडकला?

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये मी आयुष्यातली पहिली लाकडी वस्तू केली, आईसाठी पाट. बल्लारशाच्या सागाची 14 इंच रुंद अखंड फळी मिळाली होती. खाली दोन आडपट्ट्या फेव्हिकॉल लावून, प्रत्येकीला चार स्क्रू मारून घट्ट बसवल्या. गणपतीत मूर्ती त्याच पाटावर बसवली. मे महिन्यात एका दुपारी टर्रकन आवाज आला आणि पाट मधोमध चिरला. वखारवाल्याने कच्चं लाकूड दिलं, की माझं काही चुकलं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चीर लाकडाच्या रेषेला धरून सरळ गेली आहे आणि दोन्ही आडपट्ट्या मात्र जागच्या हललेल्या नाहीत. फळी थोडी ओली असेलही. पण अगदी वाळलेली असती तरी नागपूरच्या उन्हाळ्यात या पाटाला धोका होताच. तुमचा हात चांगला आहे, कडा सुरेख रंधल्या आहेत. चूक एकच झाली, फळीला हलायला जागा ठेवली नाही.

झाड तोडून वर्षं उलटली तरी लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं, ते याचमुळे. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, तो असतो रुंदीत. आता तुमचा पाट उलटा करून पाहा. आडपट्टीची लांबी पाटाच्या रुंदीवर आडवी आली आहे. म्हणजे जी दिशा हलत नाही ती हलणाऱ्या दिशेवर चिकटवली गेली. ऑगस्टमध्ये फळी फुगलेली होती. मेमध्ये तिला आकसायचं होतं, पट्टी आकसू देईना. मग जिथे सर्वांत नाजूक होती तिथे ती फाटली.

आयटीआयमध्ये मी सुतारकाम शिकवत होतो तेव्हा वर्कशॉपच्या भिंतीला आंब्याची एक फूट रुंद फळी टांगलेली असे. दर काही महिन्यांनी मुलं तिची रुंदी मोजून पाठीमागे पेन्सिलने तारीख आणि माप लिहीत. ऑगस्टचं माप 306 मिलिमीटर, मेचं 303. खूप समजावूनही ज्या मुलाला पटत नसे, त्याला ती फळी उतरवून हातात दिली की पुरे. तुम्हीही उरलेला तुकडा भिंतीला टांगा आणि मोजत राहा. हातात पट्टी घेऊन पाहिलेलं विसरत नाही.

पाट वाचवता येईल. आधी स्क्रू काढा. पट्टी आणि फळीच्या मधल्या रेघेत रुंद पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) टेकवून लाकडी हातोड्याने हलके हलके ठोका, म्हणजे चिकटवलेली पट्टी सुटेल. चिरेत पातळ पोस्टकार्डाच्या कडेने फेव्हिकॉल आतपर्यंत भरा. लाकूड आवळून धरायचा शिकंजा नसेल तर पाटाला सुती दोरीचे दोन वेढे घाला, दोरीत काठी अडकवून पीळ द्या आणि काठी पाटाला टेकवून बांधून ठेवा. दोरीखाली चारही कडांना पुठ्ठा ठेवा, नाहीतर कोपरे दबतील. रात्रभर तसंच राहू द्या.

नंतर पट्ट्या परत बसवायच्या, या वेळी फेव्हिकॉलशिवाय. पट्टीच्या मध्यावर एक स्क्रू घ्या, त्याचं भोक नेहमीसारखं गोल. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीच्या लांबीच्या दिशेने दोन भोकं शेजारी शेजारी पाडा आणि मधला भाग गोल कानशीने घासून एकच लांबट भोक करा. स्क्रूचं डोकं वॉशरसकट आत बुडेल आणि इकडेतिकडे सरकेल एवढा खड्डा वरून करून घ्या. पट्टी 18 मिलिमीटरची, फळी 22ची आणि खड्डा 5चा असेल, तर 30 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. तो फळीत 17 मिलिमीटर शिरतो आणि वरून बाहेर येत नाही. कडेचे स्क्रू आवळून मग पाव फेरा सैल सोडा. आता मधला स्क्रू फळीला धरून ठेवेल आणि फळी दोन्ही बाजूंना आपापली हलेल.

आमच्या घरी वडिलांनी केलेला फणसाचा पाट आहे. त्याला खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही. फळीच्या पाठीवर आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी खाच आहे आणि पट्टी तिच्यात बाजूने सरकवून बसवली आहे. लहानपणी उन्हाळ्यात मी ती अंगठ्याने ढकलत असे. वडील म्हणायचे, "राहू दे रे, पावसात आपसूक घट्ट होईल." आणि ती होत असे.

प्रश्न : मी ठाण्यात वन रूम किचनमध्ये राहतो. ऑफिसनंतर हाताने काहीतरी करावंसं वाटतं. टेबल ठेवायला जागा नाही आणि मशीनचा आवाज शेजाऱ्यांना चालणार नाही. कोणती हत्यारं घेऊ आणि सुरुवात कशाने करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : टेबल नसलं तरी चालेल. आपल्याकडचे कित्येक सुतार जमिनीवर बसून, फळी पायाच्या टाचेखाली धरूनच काम करत आले आहेत. खाली जुनी सतरंजी घाला, भुसा आणि आवाज दोन्ही आटोक्यात राहतात. घ्यायचं एवढंच : पाठीला लोखंडी पट्टी असलेली लहान करवत, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी, काटकोन तपासायचा गुण्या, लाकडी हातोडा आणि एका बाजूने खरबरीत, दुसऱ्या बाजूने बारीक असा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. रंधा दोन महिन्यांनी.

निसण्याबद्दल मी आग्रहाने सांगतो, कारण शिकाऊ माणूस पैसे हत्यारांवर घालतो आणि धार दुकानातून आली तशीच ठेवतो. नवी पटाशी धारदार नसते. तिची सपाट पाठ आधी निसण्यावर घासून टोकाशी आरशासारखी करा. मग तिरकी बाजू. कोन मोजायची युक्ती सोपी आहे : तिरक्या बाजूची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवा. पातं 3 मिलिमीटर जाड असेल तर तिरपं 6 मिलिमीटर, म्हणजे कोन बरोबर 30 अंशांचा. धार आली का, हे फळीच्या टोकाच्या आडव्या कापावर बघायचं. चांगली पटाशी तिथून गुळगुळीत पापुद्रा काढते. बोथट असेल तर लाकूड चुरगळतं, आणि तिला जोर लावावा लागतो. माझ्या डाव्या तर्जनीवरचा व्रण बोथट पटाशीचा आहे.

पहिली वस्तू म्हणून गरम पातेलं ठेवायची जाळी करा. सागाच्या चार पट्ट्या, प्रत्येकी 7 इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. दोन उभ्या, दोन आडव्या. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे दोन्हींची अर्धी अर्धी जाडी काढून एकीत दुसरी बसवायची. असे चार सांधे होतात. पेन्सिलऐवजी टोकदार सुरीने रेघ ओढा, करवतीला ती रेघ वाट दाखवते. करवत रेघेच्या आत, जो भाग टाकायचा त्याच बाजूला चालवा. पहिला सांधा सैल होईल, दुसरा बसणार नाही, चौथा हाताने दाबला की बसेल आणि उचलला तरी सुटणार नाही. तो चौथा तुम्ही चार लोकांना दाखवाल.

वरच्या नागपूरच्या वाचकांचं उत्तर वाचून तुम्ही विचाराल, इथेही पट्टी पट्टीवर आडवी चिकटते, मग ही तडकणार नाही का? नाही. इंचभर रुंदीत हालचाल इतकी थोडी असते की डिंक ती सोसतो. वस्तू रुंद होत जाईल तसा हा प्रश्न येतो.

प्रश्न : कारखान्यातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडाची नातीसाठी खेळण्यातली गाडी करायची आहे. चालेल का? चाकांना फांदीच्या गोल चकत्या कापल्या आहेत. (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : लाकडावरचा शिक्का बघा. त्यात एचटी (HT) अशी अक्षरं असतील तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं, ते घ्या. एमबी (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो, त्याचं खेळणं करू नका. शिक्काच नसेल किंवा तेलाचे, रसायनांचे डाग असतील तर तेही सोडून द्या. करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा.

चकत्या मात्र तडकतील. खोड घेराच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं, म्हणून चीर कडेपासून मध्यापर्यंत जाते. चाकं फळीतूनच कापा. वडील बैलगाडीचं चाक करायचे तेव्हाही मधला तुंबा, आरे आणि घेराचे तुकडे वेगवेगळे घडवून जोडत.

रंगाचा घरात पडून असलेला जुना डबा उघडू नका. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आहे, त्याआधीच्या डब्यात ते किती असेल सांगता येत नाही. नात चाक तोंडात घालणारच. त्यामुळे पॉलिश पेपरने कडा गोल करा आणि मधमाश्यांचं मेण खोबरेल तेलात वितळवून फडक्याने चोळा, बाकी काही नको.