घट्ट बंद केलेला नळ का गळतो?

प्रश्न: राजारामपुरीतील आमच्या जुन्या घरातला पितळी नळ कितीही घट्ट पिळला तरी तोटीतून थेंब थेंब पाणी येते. हे काम घरी करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अवश्य करता येईल. मात्र प्रथम नळ जोराने पिळणे थांबवावे, कारण बहुधा झिजलेला असतो तो आतील रबरी वायसर, आणि जोर लावल्याने तो अधिकच चिरडतो. गच्चीवरील टाकीचा कॉक बंद करून नळातील पाणी काढून टाकावे, मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, म्हणजे स्क्रू वाहून जाणार नाही, आणि मग मूठ काढून पान्ह्याने वरचा भाग डावीकडे फिरवून सोडवावा. जुना वायसर दुकानात सोबत न्यावा. अर्धा इंची नळांतही मापे थोडी वेगळी निघतात.

नवा वायसर बसवण्यापूर्वी तो ज्या पितळी कडेवर टेकतो तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. तेथे खाच किंवा क्षारांचा थर असेल तर कितीही वायसर बदलले तरी गळती राहते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत असा थर विशेष आढळतो. थर व्हिनेगरने निघतो, खाच मात्र प्लंबरकडून घासून घ्यावी. पाणी मुठीखालून झिरपत असेल, तर दोष वायसरचा नसून तिथल्या पॅकिंगचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या भरणीचा, असतो.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, किमान चार लिटर पाणी. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.