मत्स्यशास्त्र शिकून मुलगी मालवणात परतली, तर तिला काम मिळेल का?

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. यजमानांची गिलनेटची (पाण्यात उभे सोडायच्या जाळ्याची) लहान यांत्रिक होडी आहे आणि घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. मुलगी बारावी विज्ञानला आहे. तिला मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन इकडेच काहीतरी करायचे आहे. डोंबिवलीचा माझा भाऊ म्हणतो, कोकणात काही नाही, तिला कॉम्प्युटरला घाला. कर्ज काढून तिसरी खोली बांधावी, असेही आमच्या मनात आहे. काय करावे? – एक पालक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या भावाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. कोकणातल्या कित्येक घरांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटल्या, आणि गिरण्या गेल्यावरही मुले शिकली की मुंबई-पुण्याची वाट धरतात. परंतु ‘कोकणात काही नाही’ हे म्हणणे आज जसेच्या तसे मान्य करता येत नाही. माल भरपूर आहे, गिऱ्हाईकही आहे. उणीव आहे ती या दोघांच्या मधल्या कामाची, म्हणजे मालावर प्रक्रिया करून त्याची गुणवत्ता राखण्याची, आणि तुमच्या मुलीच्या निवडीचा विचार तिथूनच करायला हवा.

तुमच्याच घराचे वर्ष मांडून पाहा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि लहान होडी त्यानंतरही नारळी पौर्णिमेची वाट पाहते. तुमच्या खोल्या भरतात त्या दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत, कारण पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा बंद असते आणि स्नॉर्केलिंगही होत नाही. आसपासच्या बागांमधला काजू फेब्रुवारी ते मे आणि हापूस मार्च ते मे या महिन्यांत निघतो. म्हणजे मासळी, पर्यटन, काजू आणि आंबा हे चारही धंदे जवळजवळ एकाच वेळी कमावतात आणि एकाच वेळी बसून राहतात, बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालूच असतो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तरी या वेळापत्रकात फारसा फरक पडलेला नाही, कारण पाहुणे वाढले ते मुख्यतः त्याच महिन्यांत. (मुंबई-गोवा महामार्गाविषयी मी काही लिहीत नाही. तो विषय काढला तर तुमचा प्रश्न बाजूला राहील.)

पावसाळ्यातही चालू राहू शकते ते प्रक्रियेचे काम. काजूचा कारखाना पाहिला असेल तर लक्षात येईल की वाळवून साठवलेली बी आधी वाफवतात, मग यंत्रावर कापून गर वेगळा काढतात, तो ड्रायरमध्ये सुकवतात आणि साल काढून प्रतवारी लावतात. एका पौंडात साधारण ३२० अख्खे गर बसले की तो माल ‘डब्ल्यू ३२०’ म्हणून विकला जातो, आणि तोच गर फुटून त्याची पाकळी किंवा तुकडा झाला की भाव उतरतो. बी किती वेळ वाफवायची आणि गरात ओलावा किती ठेवायचा, हे जाणणारा माणूस कारखान्याचा नफा ठरवतो. मासळीचेही तसेच आहे. बांगड्यासारखा मासा पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही तर त्यात हिस्टामीन हे खाणाऱ्याला बाधणारे द्रव्य वाढते, आणि ते नंतर शिजवून किंवा गोठवून जात नाही. मासा दिसायला ताजा असला तरी प्रयोगशाळेच्या तपासणीत निर्यातीचा सगळा माल नाकारला जाऊ शकतो. तुमच्या यजमानांच्या होडीवर बर्फ किती नेतात, हा प्रश्न मुलीने त्यांना विचारावा. मत्स्यशास्त्राच्या पहिल्या धड्याइतकाच तो उपयोगी आहे.

आता अभ्यासक्रमाविषयी. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. राज्यात नागपूर आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. बी.एफ.एस्सी. ही मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. मुलीला शिरगाव मिळाले तर उत्तम, कारण मिरकरवाडा बंदर आणि रत्नागिरीतले सुरिमी (माशाच्या मांसाचा लगदा) व गोठवणीचे कारखाने हाताशी आहेत. मत्स्यसंवर्धन, म्हणजे कोळंबी आणि मासे वाढवणे, हा विषय विद्यार्थ्यांना आकर्षक वाटतो. माझे मत मात्र असे आहे की तिने प्रक्रिया आणि गुणवत्ता नियंत्रण या विषयांवर अधिक जोर द्यावा. कोळंबीशेतीला मोठे भांडवल लागते आणि रोग किंवा परदेशी बाजार एका हंगामात ते बुडवू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कोळंबी उत्पादकांची झोप उडाली होती. गुणवत्ता तपासणारी व्यक्ती मासळीच्या कारखान्यात जशी लागते तशीच आंब्याच्या पल्पच्या किंवा अन्य खाद्यपदार्थांच्या कारखान्यातही लागते, आणि कोकणात जमले नाही तर तीच विद्या घेऊन तिला गुजरात, गोवा किंवा केरळातही जाता येते. सुरुवातीचा पगार पुण्यातल्या कॉम्प्युटर कंपनीपेक्षा कमी असण्याचीच शक्यता अधिक, हे तिला आधीच माहीत असलेले बरे.

केवळ सरकारी नोकरीसाठी ही पदवी घेऊ नये. मत्स्यव्यवसाय विभागात पदे आहेत, पण जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ. पुढे शिकायचे झाल्यास मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. स्वतःचा उद्योग काढण्याची घाईही नको. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० पासूनची जी योजना आहे, तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. ते ऐकून अनेक जण आधी यंत्रे आणतात आणि गिऱ्हाईक नंतर शोधतात. तिने निदान दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात काढावीत आणि माल कोण घेतो, पैसे किती दिवसांनी येतात, हे तिथे पाहावे.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी तिला एकदा मिरकरवाड्याला पहाटेच्या लिलावाच्या वेळी आणि एकदा गोठवणीच्या कारखान्यात घेऊन जा. होडी तिने लहानपणापासून पाहिली आहे. कारखान्यातली थंडी, तासन्‌तास उभे राहणे आणि नोंदवह्यांचे काम तिने पाहिलेले नसावे. ते पाहूनही तिचा विचार कायम राहिला, तर तिला कॉम्प्युटरकडे वळवण्याचे मला कारण दिसत नाही.

फीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४ पासून पूर्ण माफ केले आहे. तुमच्या मुलीला ही सवलत लागू होते का, हे महाविद्यालयात विचारून घ्या. कर्ज लागलेच तर शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते, त्यामुळे त्याचा भार लगेच घरावर येत नाही.

तिसऱ्या खोलीचा हप्ता मात्र पहिल्या पावसाळ्यातच दारात उभा राहील, आणि तोही होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना. म्हणून मुलीचा प्रवेश आणि वसतिगृहाचा खर्च निश्चित होईपर्यंत बांधकामाला हात घालू नका. त्यानंतरही बांधायचेच ठरले, तर हप्ते नोव्हेंबर ते मे याच महिन्यांत बसवून मिळतील का, हे बँकेला विचारा, आणि तसे लेखी मिळाले तरच कर्जाच्या कागदावर सही करा.