फेअरफॅक्स काउंटीत घर शोधताना शाळेच्या आधी काय पाहावे?

आपण विचारले आहे की, येत्या जूनमध्ये आपण उभयता नोकरीनिमित्त पुण्याहून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या फेअरफॅक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येत आहात, मुलगी दुसरीत जाणार आहे, मुलगा ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा होईल, तर चांगली शाळा पाहून घर भाड्याने घ्यावे का. माझी मुले याच काउंटीत वाढली असल्यामुळे स्पष्ट सांगतो: शाळेची काळजी इथे सर्वांत शेवटी करावी. मूल सकाळी शाळा भरेपर्यंत आणि दुपारी शाळा सुटल्यानंतर कुठे राहील, हा प्रश्न आधी सोडवावा आणि घर त्यानुसार निवडावे.

काउंटीच्या सरकारी शाळांत सुमारे 1,80,000 मुले विनामूल्य शिकतात, आणि आपली शाळा कोणती हे घराच्या पत्त्यावरून ठरते. संकेतस्थळांवरचे दहापैकी गुण पाहून महिन्याला काहीशे डॉलर जास्त भाडे भरणारी कुटुंबे मी पाहतो, पण एक गोष्ट ते विसरतात: शाळांच्या हद्दी कायमच्या नसतात. त्यांचा ठरावीक काळाने सर्वंकष फेरआढावा घेण्याचे धोरण शिक्षण मंडळाने 2024 मध्ये स्वीकारले आहे.

आता मुलीविषयी. काउंटीतर्फे प्राथमिक शाळांच्या इमारतींतच ‘सॅक’ नावाची सोय चालते; शाळेआधी आणि शाळेनंतर, संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत, किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते सहावीची मुले तिथे राहतात, आणि शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार कमी-जास्त होते. मूल शाळेच्या आवारातून बाहेरच पडत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा. अडचण इतकीच की पुढच्या वर्षाची नोंदणी वसंतातच सुरू होते आणि अनेक शाळांत प्रतीक्षायादी लागते, त्यामुळे जूनमध्ये येणाऱ्याला पहिल्याच दिवशी जागा मिळेल असे धरून चालू नये. भाडेकरार पक्का होताच यादीत नाव घालावे आणि तोवर दुसरी व्यवस्था पाहावी. कराटे किंवा तायक्वांदोचे वर्ग आपली व्हॅन शाळेवर पाठवून मुले नेतात, हा इथला सर्रास पर्याय आहे. मात्र तिथे बालसंगोपनाचा परवाना आहे का, हे जरूर विचारावे. बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरते तेव्हा किंवा सुट्टी जाहीर होते तेव्हा ते काय करतात, हेही विचारावे, कारण जानेवारीत नेमके तेच दिवस नोकरदार आई-बापांचा घाम काढतात.

मुलाच्या बाबतीत तारीख आड येते. किंडरगार्टनसाठी 30 सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणून त्याला आणखी एक वर्ष पाळणाघरात किंवा प्रीस्कूलमध्ये काढावे लागेल, आणि खरा खर्च तोच आहे. केंद्र सरकारची ‘हेड स्टार्ट’ ही बालशिक्षण योजना आणि राज्याची मोफत प्रीस्कूल योजना मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहेत. दोन पगारांच्या घराने त्यांवर विसंबू नये. अर्ध्या दिवसाची सहकारी (पालकांनीही पाळीपाळीने हातभार लावायची) प्रीस्कूले छान असतात, पण आपल्या कामाची नाहीत. उरतात पूर्ण वेळ केंद्रे आणि घरगुती पाळणाघरे. घरगुती पाळणाघर चार किंवा त्यांहून कमी मुलांचे असेल तर परवाना काउंटी देते, पाच ते बारा मुलांचे असेल तर राज्य देते. केंद्रांत तीन वर्षांवरील दहा मुलांमागे एक शिक्षिका हे राज्याचे किमान प्रमाण आहे, आणि राज्याच्या तपासणीचे अहवाल ऑनलाइन वाचता येतात.

ते अहवाल वाचावेत, पण जागा पाहायला सकाळी दहाला न जाता संध्याकाळी साडेपाचला जावे. सकाळी सगळेच नीटनेटके असते. संध्याकाळी दमलेली मुले, उरलेले कर्मचारी, दाराशी सहीची वही घेऊन कोण उभे आहे आणि ती व्यक्ती मूल कोणाच्या ताब्यात देते आहे, हे दिसते. काही महिन्यांसाठी आजी-आजोबांना बोलावून निभावण्याचा विचार असेल, तर पाहुण्यांच्या व्हिसावर मुक्काम साधारणतः सहा महिन्यांचाच असतो, हे लक्षात ठेवावे. नोकरीत आश्रितांच्या संगोपनासाठी करमुक्त खाते मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. 2026 पासून त्याची वार्षिक मर्यादा 5,000 वरून 7,500 डॉलर झाली आहे.

मुलगी दुसरीत असल्याने हुशार मुलांसाठीच्या प्रगत अभ्यासक्रमाची चर्चा आपल्या कानांवर लगेच पडेल. तिसरीपासूनच्या पूर्ण वेळ वर्गांसाठी छाननी दुसरीच्या वर्षातच होते आणि पालकही अर्ज करू शकतात, म्हणून मुदतीवर लक्ष ठेवावे. मात्र नव्या देशात आलेल्या सात वर्षांच्या मुलीला पहिल्याच हिवाळ्यात शिकवणीला जुंपू नये, असे मला ठामपणे वाटते.

प्रवेशासाठी जन्मदाखला, आपल्या नावाचा भाडेकरार, लसीकरणाची नोंद, वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आणि क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. व्हिसाचा प्रकार शाळेला विचारता येत नाही. तसा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्रकरणातून आलेला आहे. घरी कोणती भाषा बोलता, या रकान्यात बिनदिक्कत मराठी लिहावे. त्यामुळे मुलीची इंग्रजीची चाचणी घेतली जाईल, आणि गरज भासल्यास जादा मदत विनामूल्य मिळेल. पुण्याच्या डॉक्टरांकडून लसींच्या तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून आणाव्यात, नाहीतर तपासणीच्या वेळी काही लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.