ग्रामपंचायतीत निम्म्या महिला, मग विधानसभेत इतक्या कमी का?

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असूनही विधानसभेत त्या इतक्या कमी का, आणि मतदारच त्यांना नाकारतात का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांसाठी ३,२३७ उमेदवार रिंगणात होते. त्यांत महिला होत्या २३५ आणि निवडून आल्या २४. म्हणजे उभ्या राहिलेल्या महिलांपैकी दहा टक्के जिंकल्या, तर पुरुषांपैकी नऊ टक्केही नाहीत. अपक्षांच्या गर्दीमुळे हा हिशेब ढोबळच आहे, तरी महिलांना मतदारांनी पाडले असे त्यातून दिसत नाही. मुळात त्यांना उमेदवारीच मिळालेली नाही.

माझ्या परिचयातील एक बाई राखीव सरपंचपदावर निवडून आल्या. सुरुवातीला मासिक सभेत त्यांच्या शेजारी यजमान बसत आणि तेच बोलत. वर्षभरात बाई स्वतः जमाखर्चाची कीर्दवही मागवू लागल्या, आणि नळयोजनेच्या बिलावर सही करण्याआधी टाकलेल्या पाइपची लांबी टेप लावून मोजून घेऊ लागल्या. पुढच्या सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण प्रवर्गात गेले, तेव्हा पॅनेलप्रमुख त्यांना म्हणाले, “वहिनी, आता ही पुरुषांची सीट झाली.” कायद्यात पुरुषांची सीट नावाचा प्रकारच नाही, सर्वसाधारण जागेवर कोणीही उभे राहू शकते. पण हा समज इतका पक्का आहे की त्या बाईंनाही तो खोडून काढावासा वाटला नाही.

विधानसभेत तर आजवर महिला आरक्षणच नव्हते, त्यामुळे पक्षांच्या लेखी सगळ्याच जागा पुरुषांच्या. ‘निवडून येण्याची क्षमता’ पाहताना पक्ष पैसा, कार्यकर्ते आणि साखर कारखाना, जिल्हा बँक किंवा बाजार समितीवरील पकड पाहतात. तिथल्या अध्यक्षपदी बाई क्वचितच असते. म्हणून तिकीट मिळालेल्या अनेक जणी राजकीय घराण्यांतल्या असतात, याचे मला नवल वाटत नाही.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या खऱ्या, पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली. उमेदवारी द्यायला मात्र पक्षांना कायद्याची वाट पाहावी लागत नाही: ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ मध्ये लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर महिला उभ्या केल्या, आणि त्यांतील ५ निवडून आल्या.