खरी फुलं कुठे, खोटी कुठे?

प्रश्न : मुलीचं लग्न मे महिन्यात गोरज मुहूर्तावर, उघड्या लॉनवर आहे. स्टेजमागची भिंत 16 बाय 8 फुटांची. सगळी ताजी फुलं परवडत नाहीत आणि डेकोरेटर म्हणतात, सगळी आर्टिफिशियल लावू. निम्मी-निम्मी केली तर फोटोत कळेल का?
– वधूची आई, सोलापूर

उत्तर : निम्मी-निम्मी केलीत तर नक्की कळेल, कारण नजर दोन्हींची तुलना करत राहते. जिथे हात आणि नाक पोचतं तिथे ताजी, बाकी वर आणि मागे कृत्रिम, अशी वाटणी करा. खुर्च्यांच्या दोन्ही बाजू, कमानीचे खांब छातीच्या उंचीपर्यंत आणि पाहुणे सेल्फी काढतात तो कोपरा ताज्या फुलांचा. हार, मुंडावळ्या, गजरे यांत तडजोड नकोच.

भिंतीसाठी 40 बाय 60 सेंमीचे तयार पॅनल साधारण 50 लागतील. ते आदल्या रात्री बसवून घ्या आणि ताज्या फुलांसाठी नऊ जागा वीतभर मोकळ्या ठेवायला सांगा. प्रत्येक जागी फोमची (पाणी धरून ठेवणारा, फुलं खोचायचा स्पंज) अर्धी वीट, तिच्यात 12 ते 14 काड्या. डच गुलाब 20च्या बंचमध्ये येतात. सात बंच घेतले तर मोडतोडही निघून जाते. दोन्हींच्या सांध्यावर कामिनीचा खरा पाला खोचा. डोळा फसतो तो इथेच.

फोम पाण्यात दाबून बुडवू नका. वरून ओला दिसतो, पण आत हवा अडकून कोरडा राहतो आणि तिथली काडी तासाभरात मान टाकते. पाण्यावर नुसता सोडा, आपोआप खाली जातो. भिजलेली पूर्ण वीट दोन किलोच्या आसपास भरते. त्यात वळवाच्या आधीचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही, म्हणून फ्रेमच्या पायांवर वाळूची पोती हवीतच. फोमखाली प्लास्टिकचा ट्रेही हवा. स्वस्तातल्या कापडी फुलांचा रंग गळक्या पाण्याने उतरतो आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर ओघळ येतात.

गुलाब आणल्याबरोबर देठ इंचभर तिरपे कापून चार-पाच तास सावलीत, पाण्यात ठेवा. भिंतीवर चढवायचे ते ऊन कलल्यावर, पाचच्या सुमाराला. दुपारी बारालाच सजावट उरकणारा डेकोरेटर स्वतःची सोय बघतो, तुमची नाही.

रंग जुळवताना आधी कृत्रिम फुलं ठरवा, कारण त्यांची छटा बदलता येत नाही. त्यातलं एक फूल पिशवीत टाकून फूलबाजारात जा. कृत्रिम पांढरा बहुतेक वेळा निळसर मारतो, शेवंती आणि निशिगंध दुधी असतात. स्टेजवर पिवळसर लाइट असेल तर हा फरक दडतो, पांढऱ्या फोकसखाली उघडा पडतो.

खोटा झेंडू मात्र घेऊ नका. तो चमकतो, आणि खरा स्वस्त असून उन्हालाही दाद देत नाही.

प्रश्न : कृत्रिम फुलांवर अत्तर किंवा मोगऱ्याचा स्प्रे मारला तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कापडावर डाग पडतात आणि तासाभराने वास उरत नाही. त्यापेक्षा खुर्च्यांमागे निशिगंधाच्या 15-20 काड्या खोचा. खालच्या कळ्या उमललेल्या, वरच्या मिटलेल्या अशाच निवडा; संध्याकाळी वास वाढत जातो. स्प्रे ज्वलनशील असतो हेही ध्यानात घ्या. होमकुंड, समया आणि स्टेजवरच्या फटाक्यांपासून कृत्रिम फुलं चार-पाच फूट लांब हवीत. पॉलिस्टर पेटलं की वितळून थेंब खाली गळतात, आणि खाली शालू असतो.